एकशेसाठचा चोक

ज्या बुधवारी चोक हरवल्याचं उघडकीस आलं, त्या बुधवारी पूर्व इंग्लंडमधला सर्वांत तीक्ष्ण नजरेचा गुप्तहेर आपला चष्मा शोधत होता. चष्मा त्याच्या कपाळावर होता. हा गुप्तहेर म्हणजे मी, केनेथ थर्टल. मुक्काम मार्लिंगम, वय सत्तरीच्या पुढे, उंची मध्यम, बुद्धी त्याहून बरीच वर, आणि खुब्याचा एक सांधा पोलादी.

माझ्या कारकिर्दीबद्दल मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. बिटाची साखर करणाऱ्या कारखान्याच्या फाटकावर मी जन्मभर पहारा केला. माझी नजर चुकवून त्या फाटकातून चमचाभर साखरसुद्धा बाहेर गेली नाही. गेली ती ट्रक भरभरून, मागच्या फाटकातून. पण मागचं फाटक माझ्याकडे नव्हतं. निवृत्त झाल्यावर मी खासगी तपास सुरू केला. पबमधून नाहीसा झालेला डार्टचा फळा, चर्चच्या घंटेची दोरी, मिसेस बन यांचं मांजर, ही सगळी प्रकरणं मी हाताळली. मांजर स्वतःहून परत आलं हे खरं. पण मी शोधायला लागल्यावरच आलं, हे लोक विसरतात.

माझी बायको बेरिल म्हणायची, "केन, तुला स्वतःची चप्पल सापडत नाही, आणि तू गावाची मांजरं शोधतोस."

बेरिल फेब्रुवारीत गेली. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला तिचा तपास करावा लागणार नाही.

बेरिलला पतंगांचा नाद होता. उडवायच्या नव्हे, दिव्यावर झेपावणाऱ्या. संध्याकाळी ती बागेत सापळा मांडायची. सापळा म्हणजे एक मोठं काळं पिंप, त्यावर नरसाळं आणि नरसाळ्यात उभा केलेला पाऱ्याच्या वाफेचा दिवा. आत अंड्यांचे रिकामे पुठ्ठे. पतंग दिव्याकडे येतात, आत घसरतात आणि पुठ्ठ्याच्या खळग्यांत झोपून जातात. सकाळी एकेक पुठ्ठा उचलायचा, कोण आलंय ते पाहायचं, लिहायचं आणि सगळ्यांना झुडपात सोडून द्यायचं. ती नावं सांगायची, मी चहा करायचो. कामाची वाटणी कुवतीप्रमाणे होती.

जुलैच्या पहिल्या शनिवारी तर गावातले सगळे पतंगवेडे सकाळी आमच्याच बागेत जमत. मी डुकराच्या मांसाचे काप तळून पावात घालून वाढायचो आणि बेरिल पुठ्ठे उचलायची. वीसेक वर्षं हे चाललं होतं. तिच्या दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये आम्ही चहा पीत होतो, तेव्हा हॉरेस कॅचपोल माझ्याजवळ आले. हे निवृत्त विज्ञानशिक्षक. मान तिरकी करून हळू आवाजात म्हणाले, "थर्टल, जुलैची सकाळ यंदापासून माझ्या बागेत घेऊ या. तुम्हाला त्रास नको. माझ्याकडे नव्या पद्धतीचे दिवे आहेत."

मी उठून उभा राहिलो आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणालो, "यंदाही दिवा बेरिलच्याच बागेत लागेल. मी लावीन."

बेरिलचा भाऊ नॉर्मन खोकला. नॉर्मन गूच हा माझा मेहुणा आणि तपासातला साहाय्यक. पगार नाही, त्यामुळे बोलतो फार.

एकदा ही सकाळ कॅचपोलांच्या बागेत गेली की परत येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. असल्या गोष्टी मांजरासारख्या नसतात.

तर तो बुधवार. जिन्याखालचं कपाट उघडलं. पिंप होतं, नरसाळं होतं, पुठ्ठे होते. दिवे होते, एकेक दिवा एकेका मोज्यात गुंडाळलेला. मोजे माझे होते. कितीतरी वर्षं मी धुलाईयंत्रावर संशय घेत होतो. एक जुनं प्रकरण तिथल्या तिथे सुटलं. पण चोक नव्हता.

आता चोक म्हणजे काय, ते बेरिलने मला एकदाच सांगितलं होतं, आणि मला एकदाच सांगून कळलेली ती एकमेव गोष्ट. पाऱ्याचा दिवा पेटला की वीज ओढतच सुटतो. त्याला आवरायला लोखंडाचा गाभा आणि त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे असलेला एक जड ठोकळा मध्ये लावतात. तो चोक. तो नसेल तर दिवा फुटतो. "हा दिवा तुझ्यासारखा आहे, केन," बेरिल म्हणाली होती. "कुणी आवरलं नाही तर पीतच बसतो." आणि दिव्यावर वॅटचा जो आकडा, त्याच आकड्याचा चोक हवा. कमी नको, जास्त नको.

आमचा चोक एका पत्र्याच्या पेटीत होता. ती पेटी रोज कपाटातून बागेत आणि बागेतून कपाटात न्यायचं काम माझं. बटाट्याच्या पोत्याएवढं वजन. त्यावरचा आकडा मला आठवत नव्हता. मी ती उचलायचो, वाचायचो नाही. मग माझ्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि बेरिल म्हणाली, "तू बस, मी बघते." तेव्हापासून मी बसलो होतो.

मी नॉर्मनला बोलावून घेतलं आणि भिंग काढलं.

"चोरी," मी म्हणालो.

"अरे, माळ्यावर पाहिलंस का?"

"नॉर्मन, सामान्य माणूस माळ्यावर पाहतो. मी पुरावा पाहतो. हे बघ. दिव्याच्या होल्डरला कोरी वायर जोडली आहे. टोकाला साधा प्लग. चोराने चोक काढून नेला आणि संशय येऊ नये म्हणून ही साधी वायर जोडून ठेवली. आणि जोडणी बघ. स्क्रू घट्ट, तारेचा एक केससुद्धा बाहेर नाही, वर लाल चिकटपट्टी सरळ रेषेत लावलेली. यावरून काय सिद्ध होतं?"

"काय?"

"चोर शांत डोक्याचा आहे, नीटनेटका आहे, आणि या घरात त्याला भरपूर वेळ मिळाला."

"म्हणजे आमच्या बेरिलसारखा."

"मूर्खासारखं बोलू नकोस."

नॉर्मन माळ्यावर जाऊन पाहून आला. माळ्यावर माझी दुसरी चप्पल सापडली.

मी दिवा भिंगाखाली धरला. पांढऱ्या भुकटीचा लेप असलेली काच, वजन बेताचं, काचेवर आकडा एकशेसाठ. बूड पितळी, त्याला दोन बाजूंना दोन खिळे. हे सगळं मी पाहिलं. माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही. ते डोक्यापर्यंत पोचत नाही, एवढंच.

"चोर सापडेल तेव्हा सापडेल," नॉर्मन म्हणाला. "तोवर दुसरा चोक आणू. शनिवार आलाय."

म्हणून आम्ही बाजारपेठेच्या गावी विजेच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर बराच वेळ बोटं चालवली.

"पाऱ्याच्या दिव्याचे चोक आता कुणी घेत नाही, आजोबा. तरी ऐंशीचा आहे. एकशेपंचवीसचा आहे. अडीचशेचा मागवून देता येईल."

"एकशेसाठ."

"एकशेसाठचा नाही."

"संपला?"

"संपला नाही. तसा माल इथे दिसतच नाही. कधी आलेलाच नाही."

दुकानाबाहेर आल्यावर मी नॉर्मनला कोपऱ्यात घेतलं. "ऐकलंस? ऐंशी आहे, सव्वाशे आहे, अडीचशे आहे. फक्त एकशेसाठ नाही. याचा अर्थ उघड आहे. पूर्व इंग्लंडमधले एकशेसाठचे सगळे चोक कुणीतरी आधीच उचलले आहेत. कॉम्प्युटरमधून नावसुद्धा पुसलंय. हात लांबवर पोचलेले आहेत."

"कुणाचे?"

"बेरिलच्या बागेतला दिवा लागू नये असं कुणाला वाटतं?"

नॉर्मनने उसासा टाकला. "केन, कॅचपोलना शिंकरायला रुमाल सापडत नाही. ते कॉम्प्युटरमधून नावं पुसणार?"

कॅचपोल गुलाबाला पाणी घालत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि बोललोच नाही. ही जुनी युक्ती आहे. गुन्हेगार शांततेला घाबरून बोलून जातो.

"थर्टल, बरं वाटत नाहीये का?" ते म्हणाले.

"बुधवारपूर्वी तुम्ही कुठे होतात?"

"बुधवारपूर्वी? बराच काळ इथेच. त्याआधी जन्माला यायचा होतो."

"चोकाबद्दल काय जाणता?"

त्यांचा चेहरा उजळला. शिक्षकाला कुणी प्रश्न विचारला की असाच उजळतो. "पुष्कळ जाणतो! दिव्यावर अवलंबून आहे. तुमचा दिवा कुठला?"

"इथे प्रश्न मी विचारतो."

"हो, पण दिवा कुठला ते कळल्याशिवाय..."

"ते गोपनीय आहे."

"अहो, आकडा तरी?"

"तपास चालू असताना आकडे जाहीर करत नाहीत."

"बरं, बुडाला खिळे किती? तेवढं सांगा. दोन की तीन?"

मी नॉर्मनकडे अर्थपूर्ण नजर टाकली. खिळ्यांची चौकशी! निर्दोष माणूस खिळे कशाला मोजेल? नॉर्मन तोंड उघडत होता, मी त्याच्या पायावर पाय दिला. पोलादी बाजूचा.

"आम्ही पुन्हा येऊ," मी म्हणालो.

"थांबा," कॅचपोल म्हणाले. ते शेडमध्ये गेले आणि एक धूळ खाल्लेला चोक घेऊन आले. "हा सव्वाशेचा आहे. उपयोग होतो का बघा. बेरिलसाठी."

मी तो घेतला नाही. एक तर आकडा जुळत नव्हता. दुसरं म्हणजे ते 'बेरिलसाठी' म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज हलला, आणि आवाज हललेल्या माणसावर संशय चालू ठेवणं जड जातं. मी तसाच परत फिरलो.

गुरुवारी नॉर्मनने भंगारवाल्याकडून रस्त्यावरच्या दिव्याचा एक अगडबंब चोक आणला. त्याच्यावर चारशेचा आकडा होता. तो लावला असता तर दिवा फुटून पतंगांच्या आधी आम्हीच पिंपात पडलो असतो. मी नवा सिद्धांत मांडला, की चोर तांब्यासाठी आला होता. मग त्याच्यावर आणखी एक मांडला, की चोर मुळात पतंगांच्या बाजूचा आहे. नॉर्मन म्हणाला, तुझे सिद्धांत वायरला जोडले असते तर दिवा नक्की पेटला असता.

शुक्रवारी दुपारी माझ्याकडे एकही सिद्धांत उरला नाही. स्वयंपाकघरात पावाची पाकिटं आणि तळायचं मांस येऊन पडलं होतं. बेरिलचं बागेत बांधायचं ॲप्रन दारामागे होतं. संध्याकाळी दिवा लागला नाही तर सकाळी पिंप रिकामं, आणि लोक येऊन रिकाम्या पिंपाभोवती उभे राहणार. त्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं. ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं त्या म्हणजे माझ्या सासूबाई.

विनिफ्रेड गूच, वय त्र्याण्णव, गल्लीच्या टोकाच्या बैठ्या घरात एकट्या राहतात. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवतो आणि दर रविवारी त्यांच्या मागच्या दाराशी ठेचकाळतो, कारण दार उघडं राहावं म्हणून तिथे लोकरीची एक विणलेली कोंबडी ठेवलेली असते. लोकरीच्या मानाने ती कोंबडी फार कठीण आहे. शुक्रवारी नॉर्मनला घेऊन गेलो, तेव्हाही ठेचकाळलो.

"आई गं!"

"आलास का, केनेथ?" आतून आवाज आला. "ये. नॉर्मन, पाय पूस."

मी कोट खुंटीला अडकवला. पुरावा म्हणून एक दिवा मी मोज्यासकट खिशातच घेऊन फिरत होतो, मोजा खिशाबाहेर लोंबत होता. मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलो.

"विनीआई, तुम्हाला एक सांगायचंय. उद्याची सकाळ..."

"थांब. आधी मला नीट दिसू दे. या टेबलावरच्या दिव्याचा बल्ब सकाळीच गेलाय. शब्दकोडं अर्धं राहिलंय."

"मी उद्या आणतो. पण ऐका. चोक मिळत नाही. मी सगळीकडे शोधलं. मी तिच्या दफनाच्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो होतो, आणि आता..." मी बुटांकडे पाहत राहिलो. नॉर्मन खिडकीबाहेर पाहत राहिला. पुरुष अशा वेळी एकमेकांना एवढीच मदत करतात.

सासूबाई काठी टेकत उठल्या. मला वाटलं, चहा ठेवायला चालल्या आहेत. माझी नजर बुटांवरच होती. मागे काहीतरी खुडबुड झाली. मग बटणाचा आवाज आला, आणि खोली उजळली.

आधी पिवळसर, मग हळूहळू निळसर पांढरी. तो उजेड मी जगात कुठेही ओळखेन. वीस उन्हाळे तो माझ्या झोपायच्या खोलीच्या पडद्यावर होता.

मी वर पाहिलं. टेबलावरच्या दिव्यात बेरिलचा दिवा होता. सासूबाईंच्या हातात माझा मोजा होता.

"फुटेल!" मी ओरडलो. "चोक नाहीये! खाली पडा सगळे!"

मी स्वतःला जमिनीवर झोकून दिलं आणि टेबलाखाली सरपटत गेलो. गुप्तहेराने जिवाची पर्वा करू नये, पण खुब्याची करावी. नॉर्मन जागचा हलला नाही. सासूबाईंनी चष्मा लावून शब्दकोडं उघडलं.

दिवा फुटला नाही.

टेबलाखालून मागचं दार दिसत होतं. माझ्या नाकासमोर ती लोकरीची कोंबडी बसली होती. इतक्या जवळून मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिच्या पोटाखालून पत्र्याचा एक कोपरा बाहेर आला होता आणि त्या कोपऱ्यावर लाल चिकटपट्टी होती, सरळ रेषेत लावलेली. मी कोंबडी उचलली. खाली आमची पेटी होती. वर आकडा होता, एकशेपंचवीस.

दर रविवारी. मी दर रविवारी पुराव्याला लाथ मारत होतो.

"सापडला," मी टेबलाखालून म्हणालो.

"काय सापडलं?" सासूबाई म्हणाल्या. "ते होय? ते बेरिलने दिलं मला, दाराला लावायला. तुझ्या खुब्याचं झालं त्या उन्हाळ्यात. म्हणाली, आई, आता हे लागत नाही, मी दुसऱ्या जातीचे दिवे आणलेत. साध्या बल्बसारखे लावायचे. आवरायचं काम त्यांचं तेच करतात, आतल्या आत."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मला अजून उचलता येतं. आणि ते सिद्ध करायला चर्चचा पियानो उचलला असतास. ती म्हणाली, आई, त्याला उचलवत नाही, आणि मी उचलताना त्याला बघवत नाही. कशाला उगाच. त्याला वाटू दे, पेटी अजून कपाटात आहे." त्यांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "नॉर्मन, दिव्याच्या शेडला जळका वास येतोय. बंद कर तो दिवा आणि केनेथला बाहेर काढ. त्याला एकट्याने उठता यायचं नाही."

नॉर्मनने मला ओढून काढलं. "चोर शांत डोक्याचा," तो म्हणाला. "नीटनेटका. आणि घरात भरपूर वेळ मिळालेला."

"तुम्हाला कसं कळलं, की हा इथे लावून चालेल?" मी सासूबाईंना विचारलं.

"कळायचंय काय त्यात? माझ्या दिव्यात बसला, म्हणजे चालत असणार."

नंतर कॅचपोलांनी समजावलं. चोक लागणाऱ्या दिव्याच्या बुडाला मुद्दाम तीन खिळे ठेवत, म्हणजे कुणी वेड्याने तो घरच्या होल्डरमध्ये लावू नये. दोन खिळ्यांच्या दिव्याला चोक लागत नाही. एकशेसाठचा चोक कधी कुणी बनवलेलाच नाही. "म्हणून तर मी खिळे विचारत होतो, थर्टल," ते म्हणाले. जगात नसलेली वस्तू चोरीला गेल्याचा तपास आजवर दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्या संध्याकाळी मी दिवा नरसाळ्यात बसवला, तिने जोडलेल्या वायरचा प्लग लावला आणि बटण दाबलं. बाग निळी झाली. उचलायला काहीच नव्हतं, म्हणून मी थोडा वेळ हात खिशात घालून उभा राहिलो.

शनिवारी सगळे आले. सासूबाई खुर्चीसकट आल्या. मी काप तळले, थोडे करपवले. पुठ्ठे कुणी उचलायचे यावर जरा वेळ सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. मग नॉर्मनने दारामागचं ॲप्रन आणून माझ्या गळ्यात अडकवलं. मी उचलले. गुलाबी आणि शेवाळी रंगाचे मोठे हत्तीपतंग आले होते, ते मला ओळखता येतात. पंखांवर काळीज आणि बाणाची खूण असलेले ढीगभर होते, तेही येतात. बाकीची नावं कॅचपोल सांगत होते आणि मधूनमधून शिंकत होते. मी त्यांना रुमाल दिला. तो मोजा निघाला.

शेवटच्या पुठ्ठ्यात एक लहान तपकिरी पतंग होता. कॅचपोल म्हणाले, हा 'अनिश्चित'. अशा नावाचा पतंग खरोखर आहे, आणि 'संशयित' नावाचाही आहे. दुसरे कुणी म्हणाले, हा 'संशयित'च. मी भिंग काढलं, सगळे हसले, मीही हसलो. मला तो तपकिरी दिसला. बेरिलने लांबूनच सांगितलं असतं.

आमच्याकडे असा अडलेला पतंग डबीत घालून गारव्याला ठेवतात. तो शांत झोपतो, नाव ठरलं की संध्याकाळी त्याला सोडून द्यायचं. डबी फ्रिजमध्ये आहे, लोण्याच्या शेजारी. दुपार उलटली आहे. नाव ठरायचं राहिलं आहे.